तिला काढून टाकू नका, तिची हजेरी भरा

बोटाला चिंधी बांधलेली दिसली म्हणून बाईला हाकलून दिलं, की स्वयंपाकघर स्वच्छ होत नाही. आज एका केटररकडे हेच झालं. वड्यांसाठी उकडलेले बटाटे सोलत होत्या त्या. बोट पिकलेलं. कुणीतरी ओरडलं, ठेकेदारानं तिथल्या तिथे "उद्यापासून येऊ नको" सांगितलं आणि जमलेल्या सगळ्यांना बरं वाटलं. त्या बाई एवढंच म्हणाल्या, "सुट्टी मागितली असती तर हजेरी कुणी दिली असती?"

संताप येतो तो याचा.

पिकलेल्या बोटात बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. हाच जंतू साधारण चारातल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात राहतो. ओरडणाऱ्याच्याही असू शकतो. त्यातले काही मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे, म्हणजे एमआरएसए. असा जंतू अंगावर बाळगणाऱ्या वाहकाला काहीच होत नाही, म्हणून तोंडाकडे बघून ओळखताही येत नाही.

बटाटेवड्याचंच घ्या. बटाटे उकडले की त्यातले जंतू मरतात. मग ते उघड्या हातांनी सोलायचे, कुस्करायचे आणि भाजी रात्रभर पातेल्यात झाकून बाहेर ठेवायची. कोमट, ओलसर भाजी, मुकाबल्याला दुसरे जंतू नाहीत. स्टॅफ वाढतो, ग्रॅममागे लाखाच्या घरात गेला की विष सोडतो. सकाळी कढईत जंतू मरतात, विष टिकतं. उकळूनही जात नाही ते. मग एक ते सहा तासांत पंगत ओकायला लागते. खव्याची मिठाई, साबुदाणावड्याचा बटाटा, ओल्या नारळाची चटणी, सगळीकडे तेच.

या विषबाधेत जंतू औषधाला दाद देतो की नाही यानं फरक पडत नाही, हे मान्य. प्रतिजैविकानं विष उतरतही नाही. पण तो जंतू अन्नातून, हातांतून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो आणि पुढे त्याच माणसाचं ऑपरेशन होतं, जखम पिकते आणि औषध लागू पडत नाही, तेव्हा खरी किंमत कळते. अमेरिकेत टेनेसीमध्ये 2000 साली कोलस्लॉ (कोबीची थंड कोशिंबीर) खाऊन एका घरातले तिघे आजारी पडले. त्यांच्यात, कोलस्लॉमध्ये आणि ते बनवणाऱ्याच्या नाकात एकाच जातीचा एमआरएसए सापडला. बनवणारा शुश्रूषागृहातल्या आजारी नातलगाला भेटायला जात असे. यात त्याचा गुन्हा कोणता?

या बाईंनीही उपाय केला होता. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल. चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको होत्या. बहुतेक स्टॅफ पेनिसिलिन मोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात आणि अमॉक्सिसिलिन त्याच जातीचं, त्यामुळे बोटाला उपयोग शून्य. आतड्यातले साधे ई. कोलाय जंतू मात्र मेले आणि दाद न देणाऱ्यांना जागा मोकळी झाली. पुढच्या वेळी संडासहून आल्यावर साबण नसेल, तर हातावर तेच येणार.

फिटनेस सर्टिफिकेट आहे ना, म्हणाल. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत वर्षातून एकदा तपासणी आहे: अंग, डोळे, त्वचा, टायफॉइडवर्गाची लस. चांगलंच आहे. पण जूनमधला कागद ऑगस्टमधलं पिकलेलं बोट थांबवत नाही. टायफॉइडच्या वाहकाच्या शौचातूनही जंतू रोज पडत नाहीत, त्यामुळे एकदाच केलेलं कल्चर (शौचातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) निर्दोष आलं तर निर्धास्त होऊ नये. विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीवरून तर वाहक ठरवूच नये.

आणि वाहक सापडला म्हणून त्याला सरसकट गोळ्या देऊ नका. टायफॉइड सोडून जुलाब करणाऱ्या साध्या साल्मोनेला जंतूंत त्यानं जंतू उलट जास्त दिवस पडत राहतात. टायफॉइडच्या वाहकाचा उपचार वेगळा, तो डॉक्टरांनी कल्चर बघून ठरवायचा.

करायचं ते स्वस्त आहे. साधी कापलेली जखम: साबणानं धुवा, कोरडी करा, जलरोधक निळी पट्टी लावा (भाजीत पडली तर दिसते), वर हातमोजा. कच्च्या मालाला, पैशांना, नाकाला हात लागला की मोजा बदला आणि हातही धुवा. मोजा घालून दिवसभर फिरण्यापेक्षा धुतलेला उघडा हात बरा. पू असेल तर अन्नाला हात नाही. कोठीचा हिशेब, गेट, काहीही द्या. जुलाब-उलट्या थांबल्यावरही 48 तास सुट्टी. तेलकट हातावर सॅनिटायझर चालत नाही, साबण आणि 20 सेकंद चोळणं लागतं. बटाट्याची भाजी पसरट परातीत पातळ पसरून निववा आणि फ्रिजमध्ये 5 अंशांखाली ठेवा. ते जमत नसेल तर सकाळीच बटाटे उकडा.

लहान ठेकेदाराला भरपगारी रजा जड जाते, हेही खरं. पण हाकललेली बाई दुसऱ्या स्वयंपाकघरात जाते आणि तिथे बोट पदराखाली लपवते. तिचं तरी काय चुकलं? घरी चूल पेटायची असते.

तुमच्याकडे कार्य असेल तर मेनू ठरवतानाच केटररला विचारा: वड्याची भाजी कधी करणार, हात धुण्याच्या जागी साबण आहे का, आजारी माणसाचा रोज देता का. शेवटचं उत्तर "नाही" आलं, तर त्या दोन-तीन रोजांचे पैसे आपल्या बिलात लावायला सांगा.