एकशे त्र्याहत्तर टक्के

खून कोणी केला ते मला कळलंय. का केला ते माहीत नाही, कसा केला ते माहीत नाही, आणि ज्या पुस्तकात ते लिहिलंय ते काल सकाळी नवऱ्याच्या मामांच्या पिशवीत बसून गावाला गेलं. तेव्हा हे सगळं मी रागात लिहितेय, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं की महिनाभरासाठी मी स्वतःला एक कार्यक्रम आखून दिला होता. दर रविवारी घरी ब्रेड करायचा आणि दर आठवड्याला एक पुस्तक संपवायचं. ब्रेडच्या कामात हात चालतात जेमतेम अर्धा तास, बाकीचे तीन-साडेतीन तास पीठ फुगण्याची वाट बघण्यात जातात. त्या वेळात वाचायचं. इतका देखणा हिशेब मी आयुष्यात केला नव्हता.

पहिल्याच रविवारी तो कोसळला. पुस्तक फारच चांगलं निघालं. तासाभराने बघायचं पीठ मी अडीच तासांनी बघितलं, तेव्हा ते पातेल्याच्या काठावरून उतरून ओट्यावर फिरायला निघालं होतं. मधोमध खचलेलं, आणि वास असा की कोणी आलं असतं तर मला खुलासा द्यावा लागला असता. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडी दारू सोडतं. ग्लुटेनची, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाची, जाळी तो वायू धरून ठेवते, पण ती तरी किती ताणणार? मी प्रकरण सात संपवेपर्यंत तिने दम धरला, आठव्याला सोडला.

दुसऱ्या रविवारी पुस्तक रटाळ, त्यामुळे दर सात मिनिटांनी उठून पिठात बोट. बोटाचा खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश आणि अर्धवट भरला तर पीठ तयार, आणि भरलाच नाही तर तुम्ही पुस्तक वाचत बसला होतात. त्या दिवशी ब्रेड सुरेख झाला. पुस्तक पान ३४ वर आहे, तिथेच राहील.

तिसऱ्या आठवड्यात मी दोन्ही एकदम करायला गेले. बरणीला पुस्तक टेकवून ठेवायचं, हाताने पीठ मळायचं आणि पान उलटायचं कोपराने. कोपराला लोणी लागलेलं होतं हे मला पान ९७ ने सांगितलं. लोणी लागलेला कागद पारदर्शक होतो. त्यामुळे पान ९८ वरचा मजकूर उलटा होऊन ९७ च्या ओळींमधून वर आला, आणि नायिका एकाच वेळी स्टेशनवर रडतही होती आणि पुढच्या पानावर लग्नाला होकारही देत होती. मला तर ते जास्तच खरं वाटलं.

यीस्टला कंटाळून मधल्या एका संध्याकाळी मी बेकिंग पावडरचा केकही केला. या पावडरीची गोष्ट मला फार आवडते. आल्फ्रेड बर्ड नावाचा एक इंग्रज औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडीही सोसायची नाहीत आणि यीस्टही. तर या माणसाने आधी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून बेकिंग पावडर. बायकोच्या पोटासाठी दोन शोध! माझ्या ओव्हनमधला दिवा गेल्याला सहा महिने झाले. ब्रेडचा रंग बघायला मी टॉर्च लावते. असो.

चौथ्या आठवड्यासाठी मुद्दाम रहस्यकथा निवडली. ३४० पानं, एक बंगला, नऊ माणसं, एक मुडदा. शनिवारी रात्रीपर्यंत मी पान २१२ वर होते आणि माझा संशय वकिलावर होता. खूण म्हणून ब्रेडचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी घातली आणि झोपले. त्याच रात्री मामा आले.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. एका दिवसाच्या कामाला आले आणि तीन दिवस राहिले. आयुष्यभर त्यांनी तपासणीचं काम केलं. कसली तपासणी ते मला बारा वर्षांत नीट समजलेलं नाही, पण त्यांच्यासमोर मिठाची बरणी ठेवली तरी ती आपोआप सावधान उभी राहते. खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, लाल अजून चालू आहे.

रविवारी दहा वाजता पीठ झाकून ठेवलं आणि अंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा मामा जेवणाच्या टेबलाशी, चष्मा कपाळावर, माझं पुस्तक पालथं पडलेलं आणि माझी चिठ्ठी त्यांच्या हातात.

"अगं, हे तू लिहिलंयस?"

"हो मामा. ब्रेडचं प्रमाण आहे."

"पीठ शंभर टक्के." त्यांनी निळ्या पेनाने खाली रेघ मारली. "पाणी सत्तर टक्के. मीठ दोन टक्के. यीस्ट एक टक्का." मग लाल पेन उघडलं. मी ते उघडल्याचा आवाज ऐकला. "बेरीज?"

मी म्हटलं, "एकशे त्र्याहत्तर."

"एकशे त्र्याहत्तर." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना ठेवले, जणू ती पळून जाईल. "टक्के म्हणजे काय?"

आता, बेकरीवाले जगभर असंच मोजतात. पीठ नेहमी शंभर धरायचं आणि बाकीच्या गोष्टी पिठाच्या मानाने सांगायच्या. पीठ ५०० ग्रॅम घेतलं तर पाणी ३५०, मीठ १०, यीस्ट ५. उद्या दोन किलो करायचं झालं तरी डोकं चालवावं लागत नाही. आणि पाणी सत्तर म्हटलं की ऐकणाऱ्याला पीठ किती सैल असणार तेही लगेच कळतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं, माझ्या मते फार छान सांगितलं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण वरचे त्र्याहत्तर आले कुठून?"

"वरचे नाहीत मामा. पीठ म्हणजे अख्खं नव्हे, पीठ म्हणजे पाया."

"पाया शंभर टक्के असेल, तर इमारत कितव्या टक्क्यावर उभी राहणार?"

मी वजनकाटा आणला. पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला, एका वाटीला पीठ म्हटलं, दुसरीला पाणी. मामांनी काटा उचलून त्याची खालची बाजू बघितली. तिथे त्यांना काय सापडायचं होतं देव जाणे. मग म्हणाले, "एकूण वजन ८६५ ग्रॅम. त्यात पीठ ५००. म्हणजे पीठ झालं अठ्ठावन्न टक्के. अदमासे. हे लिही. कोणाला दाखवायची वेळ आली तर निदान दाखवता येईल."

"कोणाला दाखवायचं आहे मामा?"

"तसं नसतं," ते म्हणाले. "विचारतं कोणी ना कोणी."

वीस मिनिटं हे चाललं. वीस मिनिटांत माझ्या चिठ्ठीवर शंभरावर काट, अठ्ठावन्नावर गोल आणि समासात त्यांची छोटी सही आली. तारखेसकट. सही कशासाठी विचारलं तर म्हणाले, "दुरुस्ती कोणी केली ते नको कळायला?" मी मान हलवली, कारण ते नवऱ्याचे मामा आहेत आणि मी सून आहे. त्यांच्या जागी माझा सख्खा भाऊ असता तर काटा त्याच्या डोक्यावर शून्यावर आणला असता.

मग ते मागे टेकले, घराकडे, पुस्तकाकडे, पीठ झाकलेल्या पातेल्याकडे एकदा नजर फिरवली आणि ते वाक्य बोलले.

"छान आहे. तुला वेळ बरा मिळतो."

इथे मला जरा थांबायचं आहे. हे वाक्य या महिन्यात मी चौथ्यांदा ऐकलं. रात्री दोन-दोन तास अंगठ्याने फोन सरकवत बसलेल्या माणसाला कोणी म्हणत नाही की तुला वेळ बरा मिळतो. तो बिचारा दमलेला असतो. मॅच बघणारा माणूसही दमलेलाच. पण बाईच्या हातात उघडं पुस्तक दिसलं की ती मोकळी आहे असं घरात सगळ्यांना एकदम उमगतं. आणि पुस्तक मिटताच त्यांना हवं असलेलं कात्री, टॉवेल, चार्जर असं सगळं त्यांच्याच समोर सापडतं. पीठ मळताना मात्र मला कोणी हाक मारत नाही. हात भरलेले असतात ना! ते काम दिसतं. मी महिन्यात वाचलं ते बरंचसं कोपराने वाचलं, त्याचं कारण हेच होतं, पान ९७ उगाच खराब झालं नाही. आणि ते तास मला मिळत नव्हते, मी पहाटे उठून ते काढत होते. हे मामांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो मामा."

तेवढ्यात त्यांनी पुस्तक उचललं. पालथं टाकल्यामुळे पान गेलंच होतं, खूण तर दुरुस्त होऊन पडली होती. जाडी अंगठ्याने चाचपत म्हणाले, "बरंच जाड आहे गं. बघू, संपतं कसं."

"मामा, नको—"

रहस्यकथेचं शेवटचं पान मामांनी एखाद्या करारातलं कलम वाचावं तसं वाचलं. ओठ हलवत. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "डॉक्टर. डॉक्टरनेच केलंय. तुझं काम वाचलं."

मी काही बोलले नाही. पिठाकडे गेले. पीठ अर्थातच हद्दीबाहेर फुगलं होतं, कारण टक्क्यांची चौकशी चालू असताना यीस्टने काम थांबवलेलं नव्हतं. हलक्या हाताने वळून टिनमध्ये घातलं, दुसऱ्यांदा फुगायला कमी वेळ दिला आणि २२० अंशांवर ओव्हनमध्ये लोटलं. डॉक्टर! पान १४० वर त्या माणसाने सगळ्यांना कॉफी करून दिली होती. मला तो आवडला होता.

पस्तीस मिनिटांनी, टॉर्चच्या उजेडात, वरचा रंग मधासारखा दिसला. ब्रेड बाहेर काढला. मामा उठून आले, फडक्यात धरून ब्रेड उलटा केला आणि तळाला बोटाच्या पेराने टकटक केली. दोनदा. कान लावून.

"कच्चा आहे."

ब्रेड झाला असेल तर तळाशी पोकळ आवाज येतो, हे मी पुस्तकांतून वाचून शिकले होते. यांना कोणी सांगितलं? मी म्हटलं, "रंग तर आलाय मामा."

"रंग वरून येतो."

थर्मामीटर खुपसला. ८८. अशा साध्या ब्रेडचं आतलं तापमान ९५ च्या आसपास जायला हवं. मी मुकाट्याने टिनशिवाय ब्रेड परत आत ठेवला, दहा मिनिटं. माझ्या रागाचं नेमकं दुखणं इथे आहे. मामा पूर्णपणे चूक असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

ब्रेड उत्तम झाला. थोडा बसका, पण कवच बोटाने दाबलं की चरचरत होतं. निदान तासभर निवू द्यावा लागतो, नाहीतर आतला स्टार्च धरत नाही आणि सुरीला चिकटतो, हे मी सांगितलं. मामांनी पाचव्या मिनिटाला कापला. आत चिकट लागल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू ते एकशे त्र्याहत्तर टक्क्यांमुळे झालं. चार तुकडे लोणी लावून खाल्ले. रात्री उरलेला ब्रेड "खराब व्हायला नको" म्हणून फ्रिजमध्ये टाकला. ब्रेड शिळा होतो तो नुसता वाळून नाही, आतला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो म्हणून, आणि हे सगळ्यात लवकर होतं फ्रिजच्या थंडीत. फ्रीझर चालतो, साधं फडकं चालतं, फ्रिज नाही. सकाळी तो खोडरबर झाला होता. मी भाजून घेतला. मामा म्हणाले, "बघ, कसा टिकला."

काल सकाळी पिशवी भरताना त्यांनी पुस्तक सहज आत टाकलं. "गाडीत वेळ जाईल. शेवट कळलाय, आता सुरुवात बघतो." नवरा म्हणाला, "न्या की मामा, हिचं झालंय वाचून."

म्हणजे महिन्याचा हिशेब असा. ठरलेली पुस्तकं चार, ते धरू शंभर टक्के. पूर्ण वाचलेली दोन, पन्नास टक्के. एक चौतीस पानं. एक २१२ पानं अधिक डॉक्टर. मामांच्या पद्धतीने बेरीज करायला घेतली आणि सोडून दिली.

आज दुपारी धीर करून फोन केला. पोचलात ना, प्रवास नीट झाला ना, गुडघा कसा आहे, हे सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हटलं, "मामा, ते पुस्तक तेवढं कोणी इकडे येणार असेल तर पाठवाल का?"

"अगं, पाठवतो की," मामा म्हणाले. "पण आत्ता कुठे बारा पानं झालीत. मला तुझ्यासारखा वेळ कुठे मिळतो?"