कपाटाला बोल लावून काय उपयोग?

परवान्याची बंदूक घरी कपाटात, कुलपात ठेवा म्हटलं की इथं काहींनी शेतकऱ्याचं नाव पुढं करून एवढं चिडायचं कशाला, हे मला तरी कळलं नाही. नियम काही कालचा नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून परवाना मागतानाच सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र द्यावं लागतं. सही करताना वाचलं नसेल तर तो दोष सरकारचा नव्हे.

आमच्या घरी आजोबांची बारा बोअरची बंदूक होती, हिंगोलीकडे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हरभऱ्यात शिरले की आवाज करायला. ती माजघरात खुंटीला, आणि काडतुसं शेजारच्या कोनाड्यात बिडीच्या बंडलाजवळ! मी आठ वर्षांचा असताना स्टुलावर चढून घोडा ओढून बघितला होता. रिकामी होती म्हणून आज ही प्रतिक्रिया लिहितोय. त्या दिवशी आजीनं पेटीत घातली, किल्ली कमरेला. सरकारचा नियम नंतर आला, आजीचा आधी.

पण एक तक्रार खरी आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करा म्हणतात. आमची परत आली तेव्हा नळीत गंज आणि दस्त्यावर हातभर ओरखडा. विचारलं तर, ‘अशीच होती की.’ जमा करताना फोटो काढून पावतीला जोडला असता तर वाद मिटला असता. आम्ही कुलपात ठेवायची, तर ठाण्यानंही नीट ठेवावी.

आणि लग्नाच्या वरातीत बार काढणारे आमचे जे मित्र इथं शेतकऱ्याच्या नावानं गळा काढतायत, त्यांच्या शेतात डुक्कर कधी आलं होतं?