निदान झालं, तरी कागदावर नुसती ‘चक्कर’!

पहाटे साडेतीनला आई कुशीवर वळली आणि किंचाळलीच. घर गरगर फिरतंय म्हणे. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसलेली, चार उलट्या, उभंच राहता येईना. वय ६८, त्यात बीपी, शुगर. पक्षाघात तर नसेल, या धास्तीने आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं. कुणीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी तिला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं. काही सेकंदांत तिची बुबुळं फडफडायला लागली. मी समोर उभा राहून बघितलंय. “उजवा कान. बीपीपीव्ही.” म्हणजे बिनाईन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, डोक्याची स्थिती बदलली की अचानक येणारी गरगर. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि डोकं हललं की मेंदूला आपण फिरतोय असा खोटा निरोप जातो. डॉक्टरांनी लगेच एपली मॅन्युव्हर केलं, म्हणजे ठरलेल्या क्रमाने डोकं फिरवत खडे नळीबाहेर काढले. संध्याकाळी आई भिंत धरून का होईना, चालली. डिस्चार्ज समरीत निदान स्पष्ट लिहिलंय, उजव्या कानासकट.

आणि विम्याच्या क्लेमच्या फॉर्मवर, आयसीडी कोडच्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या क्रमांकाच्या रकान्यात? आर ४२!

आर ४२ म्हणजे चक्कर येणे. अहो, ते लक्षण आहे, आजार नाही! आयसीडी-१० मध्ये तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाच्या आजारांना एच ८१ हा अख्खा गट दिलाय. मेनिएर एच ८१.०, बीपीपीव्ही एच ८१.१. आर ४२ खाली तर चक्क लिहिलंय की एच ८१ मधले आजार इथे धरू नका. रात्री भरती करताना आर ४२ टाकला, ते मला मान्य आहे, तेव्हा निदान कुठे झालं होतं? पण घरी सोडतानाही तोच? बिलिंगचा मुलगा म्हणतो, “चक्कर टाइप केलं की लिस्टमध्ये पहिलं हेच येतं.”

त्या एका कोडपायी विमावाल्यांनी क्लेम फेटाळला. कारण काय, तर एक्सक्लुजन ०४, म्हणजे भरती फक्त तपासण्यांसाठी असेल तर पैसे नाहीत, हे पॉलिसीतलं कलम. सलाइन, उलटीची इंजेक्शनं, एपली, हे सगळं कुणावर झालं मग? फोनवरची बाई मला विचारते, “बिनाईन आहे ना, मग ॲडमिट कशाला केलं?” बिनाईन म्हणजे जिवावर बेतणारं नाही, एवढंच! बाथरूमपर्यंत जाता येत नव्हतं माझ्या आईला!

तीन आठवडे हेलपाटे घालतोय. डॉक्टर म्हणतात, मी निदान लिहिलंय, कोड माझं काम नाही. बिलिंग म्हणतं, टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून, क्वेरी येऊ दे. टीपीए म्हणतो, हॉस्पिटलने सुधारून पाठवावं. ५८ हजार आम्ही खिशातून भरलेत, आणि आई मलाच म्हणते, “जाऊ दे रे, माझ्यामुळे एवढा खर्च झाला.” हे ऐकून डोकं फिरतं माझं. आजारी पडली, यात तिचा काय गुन्हा?

सोमवारी पुन्हा जातोय. समरी आणि डॉक्टरांच्या सहीचं पत्र बरोबर आहे. एच ८१.१ लिहून, शिक्का मारून मिळेपर्यंत त्या काउंटरवरून हलणार नाही.