पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून पोरगी ओपनला टाकली

आज पुन्हा तेच. धनगराची पोर, एनटी-सी, म्हणजे भटक्या जमातींच्या राखीव गटातली. प्रवेशाच्या अर्जात व्हेटर्नरीशिवाय, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीशिवाय, दुसरं काही भरलेलंच नाही, कारण तिला दुसरं काही व्हायचंच नाही. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरतो तेव्हा आजारी मेंढरांचं सगळं हीच बघते. पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने तिच्या नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राची, प्रिंट हातात घेतली, खालच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या प्रश्नचिन्हावर पेन टेकवलं आणि म्हणाला, "सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड लिहिलंय. चालणार नाही." झालं. कॅटेगरी ओपन. पुढचा नंबर.

अहो, ते प्रश्नचिन्ह प्रमाणपत्राचं नसतं! ज्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली त्या कॉम्प्युटरचं असतं. प्रांतसाहेबांची डिजिटल सही पीडीएफच्या आत असते आणि ती खरी की खोटी हे वाचणारं सॉफ्टवेअर ठरवतं. त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत भारत सरकारच्या सीसीएचं, म्हणजे डिजिटल सह्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचं, मूळ प्रमाणपत्र घातलेलं नसेल, तर ते म्हणतं, मला ही सही ओळखता येत नाही. बस, एवढंच. सायबरवाल्याने ती यादी कधी भरलेली नसते, तो फाइल उघडतो, प्रिंट मारतो, वीस रुपये घेतो, आणि ते पिवळं चिन्ह कागदावर कायमचं छापलं जातं. एकदा छापलं की संपलं. कागदाला हिरवी टिक कुठून येणार?

दोन मिनिटांचं काम आहे हो. मोबाईलवर नाही, कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये मूळ फाइल उघडायची. सहीवर राइट क्लिक, व्हॅलिडेट सिग्नेचर, मग सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट. डावीकडे जी साखळी दिसते त्यात सगळ्यात वरचं सीसीए इंडियाचं नाव निवडायचं, ट्रस्टच्या टॅबवर जायचं, अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, ओके, पुन्हा व्हॅलिडेट. हिरवी टिक येते. मग प्रिंट. आणि अपलोड करताना तीच मूळ फाइल चढवायची. प्रिंट काढून, तिचा मोबाईलने फोटो मारून, पुन्हा पीडीएफ करून चढवायची नाही, कारण तसं केलं की आतली सही मरते आणि उरतं फक्त चित्र. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही. साइजची मर्यादा आहे म्हणून कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर दाबून घेतलेली फाइलसुद्धा तशीच, सही गेलेली असते. म्हणून मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, हात न लावता.

पण संताप याचा नाही की पोरीला हे माहीत नव्हतं. अठरा वर्षांच्या पोरीला का माहीत असावं? संताप याचा आहे की टेबलावर बसलेल्याला माहीत नव्हतं, आणि त्याचं तेवढंच काम आहे. त्याच प्रमाणपत्राखाली बारकोड असतो. आपले सरकारच्या पोर्टलवर प्रमाणपत्र तपासायची सोय आहे, तिथे नंबर टाकला की खरं-खोटं समोर दिसतं. त्याच्या समोर कॉम्प्युटर होता. इंटरनेट होतं. अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने नाही केलं. त्याने पेन टेकवलं.

आणि वर ऐकवतात काय, "मुलांनी नीट कागद आणायला नकोत का?" कागद नीटच होता! तुम्हाला बघता आला नाही.

नॉन-क्रिमिलेअरचं नाव निघालं म्हणून सांगतो, या एका कागदाने जेवढ्या जागा घालवल्यात तेवढ्या नीट परीक्षेच्या फिजिक्सने घालवल्या नसतील. ३१ मार्चला वर्ष संपतं. फेब्रुवारीत हुशारीने आधीच काढून ठेवलेलं एक वर्षाचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी मेलेलं असतं. म्हणजे काढायचं एप्रिलनंतर. एप्रिलनंतर तलाठी असतो पंचनाम्यावर, नाहीतर निवडणुकीच्या कामावर, आणि त्याचा उत्पन्नाचा अहवाल मिळाल्याशिवाय तहसीलचा दाखला नाही, तहसीलचा दाखला मिळाल्याशिवाय प्रांतांकडे फाइल जात नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात नीट. पोरगं पेपरचा अभ्यास करणार की सेतूच्या रांगेत उभं राहणार? तीन वर्षांच्या उत्पन्नावर तीन वर्षांचं प्रमाणपत्र मिळतं हे सेतूवाला आपणहून सांगत नाही. तुम्ही अर्जाच्या वेळीच मागायचं, तिन्ही वर्षांचं उत्पन्न जोडायचं, नाहीतर दरवर्षी हाच फेरा.

आणि ती आठ लाखांची उत्पन्न-मर्यादा! नॉन-क्रिमिलेअरसाठी मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरायचं नसतं, हे १९९३ पासून कागदावर आहे. आईवडिलांचं पद कुठल्या वर्गाचं हे वेगळं बघतात, वर्ग अ असेल तर गोष्ट वेगळी. पण प्राथमिक शिक्षक बापाचा पगार नऊ लाख झाला म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलेली पोरं दरवर्षी भेटतात. खिडकीवर "होत नाही" म्हणाले की घरी जायचं नाही. अर्ज ऑनलाइन टाका, नाकारायचा तर कारणासह लेखी नाकारा म्हणावं. मुदत उलटली तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील आहे. तोंडी नकाराला अपील नसतं, म्हणून तर तोंडी देतात.

प्रतिज्ञापत्राचं तेच. जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमिलेअर, या कामांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरी तहसीलच्या बाहेर टेबल टाकून बसलेले पाचशेचा स्टॅम्प गळ्यात मारतात आणि आत बसलेला तो बिनबोभाट घेतो. पाचशे रुपये म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईचा दीड-दोन दिवसांचा रोज आहे, कुणाला काही वाटतं का?

बरं, ही पोर राज्यात एनटी-सी. व्हेटर्नरी कौन्सिल देशपातळीवर भरते त्या पंधरा टक्के जागांत मात्र तीच ओबीसी, कारण केंद्राच्या यादीत एनटी नावाचा प्रकारच नाही. म्हणजे एकाच पोरीची दोन प्रमाणपत्रं, दोन नमुन्यांत. राज्याच्या नमुन्यातलं केंद्राच्या काउन्सेलिंगला दाखवलं की ओपन. नीटचा फॉर्म भरतानाच ओबीसी-एनसीएल, म्हणजे नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, टाकायला हवं असतं. तिथे एनटी सापडत नाही म्हणून जनरल टाकून मोकळी झालेली पोरं जून-जुलैत रडत येतात. एसईबीसीवाल्यांची, म्हणजे राज्याच्या मराठा आरक्षणातल्यांची, तर आणखी गोची. राज्यात एसईबीसी, केंद्रात त्याला काहीच किंमत नाही, तिथे बसत असेल तर आर्थिक दुर्बलांचं ईडब्ल्यूएस, तेही केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातलं. हे सगळं माहितीपुस्तिकेत असतं म्हणे. असतं ना, मागच्या परिशिष्टात, मुंगीएवढ्या अक्षरात.

व्हॅलिडिटीबद्दल, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्याबद्दल, मी बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही. एनटीला मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. त्याच्या आधीचा जातीचा पुरावा आणा. आता मला सांगा, आठ महिने मेंढरांमागे फिरणाऱ्या आजोबाने १९६१ च्या आधी कुठल्या शाळेत नाव घातलं असेल? शाळेचा दाखला नसतोच अशा घरांत. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक उघडायचं, मोडीतली नोंद असेल तर मोडी वाचणारा शोधायचा, चुलत आजोबाचा, पणजोबाच्या भावाचा, कुणाचा तरी जन्म-मृत्यू सापडतो का बघायचं. रक्तनात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर वडिलांच्या बाजूचीच, आईच्या बाजूची चालत नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नमुना ३, कागद खरे असल्याचं नमुना १७, आणि कॉलेजचं पत्र. हे अकरावीतच सुरू करायचं. बारावीच्या निकालानंतर फाइल टाकणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही. ज्युनिअर कॉलेजं हे अकरावीत सांगत नाहीत, कारण तेव्हा ती कॉलेज आणि क्लास एकत्र अशा इंटिग्रेटेड बॅचची फी गोळा करण्यात गुंतलेली असतात. मला त्या बॅचेसचा मनापासून तिटकारा आहे. दोन-दोन लाख घेता आणि पोराला जात पडताळणीचं पत्र वेळेवर देत नाही?

इंग्रजीवरून मरणारी पोरं वेगळी. मेडिकलचं डोक्यात ठेवून सगळे पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच, मोजतात. व्हेटर्नरीला पीसीबी आणि इंग्रजी, चार विषय मिळून पन्नास टक्के, राखीवला साडेसत्तेचाळीस. म्हणजे चारशेपैकी दोनशे किंवा एकशे नव्वद. पीसीबीत १६५ आणि इंग्रजीत कसेबसे ३५ असतील तर ओपनचा पोरगा बरोबर काठावर, एक मार्क कमी पडला की नीटचा स्कोअर कितीही असो, बाहेर. "इंग्रजी पास झालं की पुरे" असं सांगणाऱ्या प्रत्येक क्लासवाल्याला मला समोर उभं करायचंय. आणि वय. ३१ डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण हवीत. लवकर शाळेत घातलेल्या हुशार पोरांचं एक वर्ष जातं, कारण हे घरात कुणी तपासलेलंच नसतं.

पूर्वी व्हेटर्नरीसाठी एआयपीव्हीटी नावाची वेगळी परीक्षा तरी होती. जे बसायचे त्यांना व्हेटर्नरीच हवं असायचं. आता नीट. तेच १८० प्रश्न, तेच ७२० मार्क, आणि यादीत वर बसलेला निम्मा जमाव एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएसच्या राउंडकडे डोळे लावून बसलेला. त्यांची प्रक्रिया राज्याच्या सीईटी सेलकडे, आपली माफसूकडे, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे, कौन्सिलचे पंधरा टक्के दिल्लीला. तीन पोर्टल, तीन लॉगिन, तीन वेळापत्रकं, एकमेकांशी संबंध शून्य. नाव एकीकडे आडनावापासून, दुसरीकडे आधारप्रमाणे, आणि जुळलं नाही की पुन्हा प्रतिज्ञापत्र. मूळ टीसी एकच असते. ती एका कॉलेजात जमा केली की दुसरीकडे दाखवायला काय, झेरॉक्स? प्रवेश रद्द करून टीसी परत मिळवायला अर्ज, सही, क्लार्क रजेवर, आणि तिकडे मुदत पाच वाजेपर्यंत.

मग वरची पोरं मेडिकलला निघून जातात, जागा सुटतात, आणि शेवटच्या फेऱ्या सुरू होतात. ज्याला खरोखर गुराढोरांचा डॉक्टर व्हायचंय त्याचा नंबर लागतो तो इथे. संध्याकाळी यादी, दुसऱ्या दिवशी मूळ कागद आणि फी घेऊन हजर. घर सिंधुदुर्गात आणि जागा उदगीरला. किंवा घर गडचिरोलीत आणि जागा शिरवळला. रात्रभर एसटी बदलत यायचं. पंधरा टक्क्यांतून बिकानेर, मथुरा, नामक्कल लागलं तर रेल्वेचं तिकीटही मिळत नाही. आणि पोचल्यावर मेडिकल फिटनेस ठरलेल्या नमुन्यात नाही, शिक्षणात पडलेल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही, म्हणून दिवस गेला की जागा पुढच्याला.

मावश्या-काकांनी यात भर घालायची गरज नसते, तरी घालतात. "एमबीबीएस नाही लागलं का? ढोराचा डॉक्टर होतोयस?" साडेचार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप, गायीपासून कोंबडीपर्यंत प्रत्येकाची शरीररचना वेगळी पाठ करायची, आणि रोगी बोलून सांगत नाही. तुमच्या गावात लम्पी आला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या १९६२ नंबरला फोन कोण लावत होतं? तेव्हा ढोराचा डॉक्टर देव होता.

या पोरीचं काय करायचं ते ठरलंय. हरकत घ्यायची मुदत उद्या संपते. ईमेलवर मूळ पीडीएफ, बारकोड तपासल्याचा स्क्रीनशॉट, अर्ज क्रमांक, आणि "प्रमाणपत्र वैध आहे, पडताळणीत झालेली चूक दुरुस्त करून एनटी-सी प्रवर्ग कायम ठेवावा" एवढंच वाक्य. तोच अर्ज छापून प्रत्यक्ष आवक-जावकला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. ज्यांची ज्यांची प्रिंट पिवळी आहे त्यांनी आज रात्रीच फाइल उघडून बघा. गुणवत्ता यादी अंतिम झाली की मग कुणीही ऐकून घेत नाही.