गॅस संपला असन भाऊ!

मे महिन्यात नागपुरात गाडीच्या एसीनं गरम हवा फेकायला सुरुवात केली की गावातला प्रत्येक माणूस वैद्य होतो. बॉनेटही न उघडता निदान ठरलेलं: ‘गॅस संपला असन भाऊ!’ अहो, संपायला ते काय पेट्रोल आहे? बंद नळ्यांत तोच तो गॅस फिरत असतो. एवढा कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. एकानं तर घरचा सिलिंडर जोडायचा स्वस्त उपाय सांगितला, तोही बिडी शिलगावता शिलगावता.

गॅरेजवाल्याला म्हटलं, आधी गळती शोध. त्याचा चेहराच पडला. पण कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, जोडापाशी तेलकट धूळ चिकटलेली दिसली आणि साबणाच्या पाण्यानं तिथंच बुडबुडे धरले. गुन्हेगार एक रबरी रिंग. तिची किंमत सांगायची त्यालाच लाज वाटली.

उरलासुरला गॅस तो हवेतच सोडणार होता. हा एसीचा गॅस, आर-१३४ए, वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. नागपूरला ती मदत नको, म्हणून मशीननं ओढून घ्यायला लावला. रिंग बदलली. मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास, कारण आत ओल राहिली तर तिचा बर्फ होऊन वाट अडते. पंप बंद केल्यावर दाबाचा काटा हलत नाही, म्हणजे गळती नाही, हे दोघांनी डोळे फाडून पाहिलं.

गॅस भरताना गडी उघड्या हातांनी, उघड्या डोळ्यांनी. हा द्रव उणे २६ अंशांवर उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळाच जायचा! ‘रोजचंच आहे जी,’ म्हणाला. गॉगल नव्हता, म्हणून वेल्डिंगचे हातमोजे आणि काच खाली ओढलेलं हेल्मेट चढवलं. सिलिंडर उभा, वजनकाट्यावर. गॅस निळ्या, म्हणजे कमी दाबाच्या नळीतूनच. चालू इंजिनात लाल, म्हणजे जास्त दाबाची बाजू उघडली तर तिथला दाब उलटा सिलिंडरात शिरतो.

गाडीच्या स्टिकरवर गॅस ४५० ग्रॅम लिहिलेला. काटा तिथं पोचताच मी ‘बस!’ म्हणालो, तर पंगतीत जिलबी वाढणाऱ्यासारखा हा हेल्मेटातून आग्रह करतो, ‘अजून थोडा टाकून देऊ का जी? उन्हाळा आहे ना बाप्पा!’ जास्त गॅसनं दाब वाढतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरची वाट लागते, हे त्याला पटवत होतो, तेवढ्यात मागच्या सात सीटर गाडीतून काका ओरडले, ‘यांच्यात टाकला तेवढाच माझ्यातही टाक रे! आणि ते हेल्मेट काढ, वेळ जातो.’