चरा भरत नाही, भोवतीचा थर उतरतो

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "रोज वापरायच्या गाडीचंही वर्षातून एकदा फुल पेंट करेक्शन करून घ्या. चरे कायमचे जातात. रंगाला काही होत नाही, उलट त्याचं आयुष्य वाढतं. वर सिरॅमिक कोटिंग मारलं की नवे चरे पडतच नाहीत. आणि गाडी विकताना सगळा खर्च वसूल." मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने खाली "करू का?" असंही विचारलं होतं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. पॉलिशिंगशी माझं वैर नाही. घरात पॉलिशिंगचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आहे, आणि सुट्टीची अख्खी दुपार एका बोनेटवर घालवण्यात काय मजा असते ते मला पक्कं ठाऊक आहे.

"चरे कायमचे जातात."

चरा म्हणजे खाच. पेंट करेक्शन म्हणजे मशीनने पॉलिश करून चरे काढणं, आणि त्यात ती खाच कोणी भरत नाही. कंपाउंड (घासणारी पेस्ट) आणि मशीनवरच्या पॅडने भोवतालचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून खाचेच्या तळापर्यंत खाली आणला जातो. सगळंच खाली आलं की खाच उरत नाही. लाकडावरचा ओरखडा रंधा मारून काढतात, तसंच हे. रंधा मारला की फळी पातळ होते, एवढं मात्र संदेशात लिहायचं राहून गेलंय.

आता 'कायमचे'. रात्री काळ्या गाडीच्या बोनेटवर टॉर्च धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. टॉर्च हातभर बाजूला न्या, वर्तुळंही मागोमाग सरकतील. म्हणजे चरे गोल नाहीतच. ते सगळ्या दिशांनी पसरलेले असतात, आणि प्रकाशाला आडवे पडणारे तेवढे चमकतात म्हणून डोळ्याला गोल दिसतात. हे हजारो बारीक चरे पडले कसे? कोरड्या धुळीवर फिरवलेलं फडकं, जमिनीवर पडलेलं तेच फडकं झटकून पुन्हा वापरणं, एकाच बादलीतलं गढूळ पाणी, ब्रशवालं स्वयंचलित वॉशिंग. ही सवय आहे तशीच राहिली, तर करेक्शननंतर काही आठवड्यांत जाळी परत दिसू लागते. कायमचं काही गेलंच असेल तर तो उतरलेला क्लिअरकोट.

"रंगाला काही होत नाही."

इथे थोडं थांबू, कारण सगळा वाद याच वाक्याचा आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर, प्राइमर, मग रंगाचा बेसकोट आणि सर्वांत वर क्लिअरकोट. हा क्लिअरकोट बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरातला धरला, तर चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण देणारा आपला सगळा थर एका केसाहूनही पातळ.

एका खेपेला किती उतरतं ते पॅड, कंपाउंड, रंगाचा कडकपणा आणि मशीन धरणारा हात यांवर ठरतं. हलक्या पॉलिशने एखाद-दुसरा मायक्रॉन, जोरकस कंपाउंडिंगने त्याच्या काही पट, आणि खोल चऱ्यासाठी पाण्याचा पेपर (ओला घासायचा बारीक सँडपेपर) मारला तर आणखी. समजा दरवेळी ४ मायक्रॉन गेले. पाच वर्षांत २०. सुरुवात ४० पासून असेल, तर अर्धा थर आपण पैसे देऊन काढून घेतला.

"अर्धा तर उरतो ना!" असं यावर कोणी म्हणेल. उरतो, पण क्लिअरकोट हा नुसता काचेचा पापुद्रा नव्हे. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यात मिसळलेली असतात. थर जितका पातळ, तितकं जास्त ऊन खालच्या बेसकोटपर्यंत पोचतं. मग एक दिवस टपावर आणि बोनेटवर पांढुरके चट्टे उठतात, आणि उन्हाने सोलवटलेल्या कातडीसारखे पापुद्रे निघू लागतात. या अवस्थेवर कुठलंच पॉलिश चालत नाही, तो भाग नव्याने रंगवावा लागतो. तेव्हा करेक्शनने "आयुष्य वाढतं" हे मला तरी पटत नाही. खर्च होतं ते आयुष्यच.

"आम्ही रंगाची जाडी मीटरने मोजून करतो" असं पॉलिशवाले सांगतात, तेही नीट समजून घ्या. नेहमीचं मीटर पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअरकोट किती हे सांगत नाही. माझ्या बोनेटच्या मध्यभागी ११८ आलं आणि त्याच बोनेटच्या कडेजवळ ९७. कडांवर आणि घड्यांवर रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा दाब नेमका तिथेच एकवटतो. प्लास्टिकच्या बंपरवर तर हे मीटर काहीच दाखवत नाही, आणि प्लास्टिक उष्णता पसरवत नसल्याने रंग जळायची भीतीही तिथेच जास्त.

"कोटिंग मारलं की चरे पडत नाहीत."

सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवून कडक होऊ दिलेला पारदर्शक लेप. तो किती कडक हे सांगताना '९एच' नावाचा मंत्र म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी असणार. हा ९एच पेन्सिलींच्या शिशाच्या मोजपट्टीवरचा आहे, खनिजांच्या मोजपट्टीवरचा नव्हे. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि खनिजांच्या पट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे. पेन्सिलीचं कुठलंही शिसं त्याच्यापुढे टिकत नाही. त्यात कोटिंगचा थर एखाद-दोन मायक्रॉनचा. त्याचे फायदे खरे आहेत: पाणी घरंगळतं, मळ घट्ट चिकटत नाही, धुणं सोपं होतं, आणि कमी घासावं लागल्यामुळे चरेही थोडे कमी पडतात. पक्ष्याची विष्ठा उन्हात तशीच राहिली, तर मात्र कोटिंगवरही डाग उठू शकतो. ती लगेच भिजवून काढावीच लागते.

संदेशाच्या बाजूची एक गोष्ट इथेच मान्य करतो. कोटिंग करायचंच असेल, तर आधी हलकं पॉलिश हवं. नाहीतर जाळी आहे तशी कोटिंगखाली बसते.

"विकताना खर्च वसूल."

घेणारा इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, सर्व्हिसच्या नोंदी मागतो, कुठला भाग पुन्हा रंगवलाय का ते तपासतो. स्वच्छ, चकचकीत गाडी पटकन नजरेत भरते हे खरं. त्यासाठी एक हलका हात पुरतो.

मग कधी करावं? रंग खरोखर मेला असेल, पाण्याचे डाग धुऊन जात नसतील, किंवा जुनी गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने ती अंगणासारखी झाडली असेल, तर एकदा करावं. मऊ पॅड, सौम्य पॉलिश, एकच फेरी. जाळीतला बराच भाग एवढ्यानेच जातो. नख अडकेल इतका खोल चरा राहू द्यावा, त्याच्यामागे लागणाऱ्याच्या हातून क्लिअरकोट फुटतो. कोणाकडून करून घेणार असाल तर काम झाल्यावर एका कोपऱ्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून बघायला सांगा. चरे घासण्याऐवजी ग्लेझने (चरे तात्पुरते झाकणाऱ्या लेपाने) बुजवले असतील तर तिथल्या तिथे उघडे पडतात. हे ऐकून समोरचा कुरकुरला, तर उत्तर मिळालंच.

विचारणाऱ्याला मी "करू नकोस" म्हटलं नाही. गाडीच्या दाराचं हँडल बघायला सांगितलं. हँडलमागच्या खोलगट वाटीत नखांचे आणि अंगठीचे ओरखडे असतात. त्याने एकदा पैसे मोजून ती वाटी आरशासारखी करून घेतली होती. फोन हातात धरूनच तो खाली गेला, टॉर्च लावला आणि म्हणाला, "अरे, हे तर सगळं परत आलंय." दोन बादल्या आणि मायक्रोफायबरची चार जाड फडकी घे, म्हटलं. गाडीचं दार उघडताना काय करणार, यावर माझ्याकडेही उपाय नाही.