आधी रोम की आधी ब्रुसेल्स?

मंदारच्या भाच्याने त्याला विचारलंय, "मामा, युरोपातले सिनेमे बघायचेत, सुरुवात कुठून करू?" पोरगं इंजिनिअरिंगला, हिंदी-मराठी आणि मारधाडीचे इंग्रजी सिनेमे सोडून काही न पाहिलेलं. मंदारने रविवारी हा प्रश्न कट्ट्यावर टाकला आणि चहा येईपर्यंत आमच्यात दोन तट पडले.

सुहासचं उत्तर ठरलेलं होतं. "बायसिकल थीव्ह्ज. यात चर्चा कसली?"

त्याची बाजू भक्कम होती, हे मान्यच करतो. १९४८चा, व्हिटोरिओ डी सिकाचा सिनेमा. लांबी दीड तासाच्या आत. युद्धानंतरचं रोम, नोकरीसाठी सायकल हवी, सायकल गहाण पडलेली. ती सोडवायला बायको घरातल्या चादरी काढून देते. "आणि तो कारकून ते गाठोडं ठेवायला वर चढतो, आठवतंय? वर, आणखी वर, छतापर्यंत नुसती लोकांच्या चादरींची गाठोडी! अख्ख्या शहराची परिस्थिती एका शॉटमध्ये," सुहास म्हणाला. मुख्य भूमिकेतला लांबेर्तो माज्जोरानी हा खराखुरा कारखान्यातला कामगार. १९५० साली लंडनमध्ये सत्यजित राय यांनी हा सिनेमा पाहिला आणि 'पथेर पांचाली' आपण कशी करायची हे त्यांचं पक्कं झालं. १९५२ला मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला तेव्हा तो इथे दाखवला गेला. पुढच्याच वर्षी त्याच्याच प्रेरणेने 'दो बिघा जमीन' आला. "आपल्या पोराला आपल्याकडूनच तिकडे जाणारी वाट दाखव," असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, म्हणूनच नको. हा सिनेमा त्याला अनोळखी वाटणारच नाही. गरिबी, बाप, मुलगा, अन्याय. रडेल, टाळ्या वाजवेल आणि 'छान होता' म्हणून मोकळा होईल. सिनेमा आणखी काय करू शकतो, हे त्याला कळायचं राहूनच जाईल. त्याला 'झान दिएलमान' दाखव.

"दोनशे एक मिनिटं!" सुहास उखडला. "बाई बटाटे सोलते आणि आपण बघत बसायचं. पोरगं अर्ध्या तासात फोन काढेल आणि जन्मात पुन्हा युरोपचं नाव घेणार नाही."

शांताल आकरमनने हा सिनेमा १९७५ साली केला, पंचविशीत. नायिकेच्या नावापुढे तिचा ब्रुसेल्समधला पत्ता, हेच सिनेमाचं पूर्ण शीर्षक. डेल्फिन सेरिगने साकारलेली विधवा, तिचा शाळकरी मुलगा आणि तीन दिवस. कॅमेरा हलत नाही. स्वयंपाक, भांडी, बाजार. खोलीतून बाहेर पडताना दरवेळी दिवा बंद. दुपारी एक पुरुष येतो, पैसे देऊन जातो, आणि ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकून झाकण लावते. पहिल्या दिवशी हे सगळं इतकं बिनचूक चालतं की बघता बघता तिचा दिनक्रम आपल्याला पाठ होतो.

दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस, एवढंच. ती ते पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाते, तिथून परत येते. काय करावं तिला सुचत नाही. त्या क्षणी छातीत जे होतं, ते मला कुठल्याही पाठलागाच्या दृश्यात झालेलं नाही. पहिला दिवस पूर्ण पाहिला नसेल तर हे होणारच नाही. त्यातलं एक मिनिटही कापता येत नाही ते यासाठी.

वर्षा इतका वेळ ऐकत होती. ती मलाच म्हणाली, "तू दरवेळी 'संथ आहे, धीर धर' असं सांगून हा सिनेमा सुचवतोस ना, तिथेच घोळ होतो. अरे, तो थरारपट आहे. बटाट्यांनंतर धुतलेला चमचा हातातून पडतो तेव्हा मी दचकले होते. तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडते, ती पुन्हा करते, आणि आता काहीतरी होणार हे आपल्याला कळून चुकतं. पोराला तसं सांगा. आणि बटाटे सोलणं बघण्यासारखं नाही, हे सुहास ठरवणार? आपल्या आयांचं अर्धं आयुष्य त्यात गेलंय."

सुहास क्षणभर गप्प बसला, पण हटला नाही. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश सिनेमासिक दर दहा वर्षांनी सर्वोत्तम सिनेमा कोणता, यावर समीक्षकांचा कौल घेतं. १९५२च्या पहिल्या कौलात डी सिका अव्वल होता, हे त्याने काढलं. २०२२ला त्याच कौलात आकरमन पहिली आली, तेही प्रथमच एका स्त्रीचा सिनेमा, हे मी काढलं. यादीने काही सुटत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

माझं मत मी बदललेलं नाही. नवख्याला सोप्यातून अवघडाकडे न्यायचं, ही पद्धत मला पटतच नाही. नवखा माणूस कोऱ्या डोळ्यांनी बघतो. सवयीने पक्के झालेले आपण त्याच्यापेक्षा लवकर कंटाळतो.

मंदारने शेवटी भाच्याला फोन लावला आणि एकच विचारलं, "एखादी संध्याकाळ पूर्ण मोकळी आहे का? मोठ्या पडद्यावर, मध्ये न थांबता?" शनिवारी आहे म्हणाला. मग ब्रुसेल्स ठरलं, रोम त्याच्या पुढच्या शनिवारी. मी लगेच तिसरंही सुचवून ठेवलं: आकरमनचाच 'न्यूज फ्रॉम होम', न्यूयॉर्कचे रस्ते आणि त्यावर वाचली जाणारी आईची पत्रं. सुहासची त्यालाही हरकत आहे.